फेडरवरचा हात: ऑडिओ प्रॉडक्शन शिकवायला जाणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी दहा वर्षं मुंबईत डबिंग आणि मिक्सिंग करतोय. पुण्यातल्या एका संस्थेनं ऑडिओ प्रॉडक्शन शिकवायला बोलावलंय. पुढच्या आठवड्यात डेमो लेक्चर आहे. शिकवण्याचा अनुभव शून्य. काम येतं म्हणजे शिकवता येईल का? आणि तिथं गेल्यावर नेमकं काय वाट्याला येतं?’

मी चौदा वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंत काढली आणि गेली अकरा वर्षं शिकवतेय. तेव्हा आधी माझी फजिती सांगते.

पहिल्याच वर्षी एक मुलगा भावगीताचं मिक्स (वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवलेलं गाणं) घेऊन आला. गाणारीचा आवाज हार्मोनियमच्या मागे पार दबलेला. मी म्हटलं, ‘ऊठ जरा.’ त्याच्या खुर्चीत बसले, हार्मोनियमचा मधला भाग थोडा कापला, आवाज दीड डेसिबल (डीबी) वर घेतला, रिव्हर्बची, म्हणजे आवाजाच्या घुमण्याची, शेपटी आखूड केली. दहा मिनिटांत गाणं मोकळं झालं. तो खूश, मी त्याहून खूश. महिन्याभरानं तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला विचारलं, ‘इथे ४०० हर्ट्झला कट का दिलास?’ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; कट म्हणजे तेवढाच पट्टा कमी करणं.) तो निरागसपणे म्हणाला, ‘सर, ते मॅमनी केलंय.’ सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना रिक्षात मात्र हसू येईना, कारण त्या पोरानं त्यानंतर स्वतः एकही मिक्स धड ऐकलेलं नव्हतं. मॅम करून देतात, हे त्याला कळून चुकलं होतं.

तुम्हालाही हेच होणार. दहा वर्षांत तुमची विद्या बोटांत उतरलीय. तुम्ही विचार करायच्या आत हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, जातो, आणि वर्गात नेमका तोच हात आडवा येतो. मी तेव्हापासून विद्यार्थ्याचं मिक्स वाजत असताना हातात वही-पेन्सिल धरून मागे उभी राहते. हात गुंतलेले असले की मोह आवरतो. विचारते एवढंच: ‘काय ऐकू येतंय?’ मग जी शांतता पसरते ती सुरुवातीला सोसत नाही. स्टुडिओत क्लायंट बसलेला असताना इतकी शांतता पडली असती तर काम गेलं असतं. इथे ती पडू द्यायची. पोरं त्या वेळात खरंच ऐकत असतात.

शांतता फुटल्यावर येणारं पहिलं उत्तर बहुधा ‘मॅम, पंच नाहीये’ किंवा ‘फील येत नाहीये’ असं असतं. याचा उपयोग शून्य. आणि इथेच तुमचं खरं काम सुरू होतं, असं माझं मत आहे. सॉफ्टवेअरची बटणं मुलं यूट्यूबवरून तुमच्याआधी शिकून आलेली असतात. कोणत्या प्लगिनची (सॉफ्टवेअरला जोडायच्या अवजाराची) नवी आवृत्ती आली हे तीच तुम्हाला सांगतील. कानाला जाणवलेली गोष्ट तोंडानं नेमकी सांगणं मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

आमच्या संस्थेत शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. पहिली दोन वर्षं मी ‘मडी’, ‘बॉक्सी’, ‘हार्श’, ‘वॉर्म’ हे शब्द फळ्यावर लिहून द्यायचे. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत कुठलाही शब्द कुठेही चिकटवायची. एकदा वैतागून म्हटलं, आईला फोनवर सांगायचं झालं तर काय सांगाल? अहमदनगरकडची एक मुलगी चटकन म्हणाली, ‘डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय.’ तिनं सांगितलेला डबा ३०० ते ५०० हर्ट्झच्या मधे बरोबर सापडला. त्या दिवसापासून वर्गात मराठी शब्दांची यादी वाढत गेली. भरीव आणि पोकळ. गढूळ, म्हणजे २०० ते ४०० मधला चिखल. नाकातला, साधारण १००० च्या आसपास. बोचरा, २ ते ४ हजारांत. कानाची नळीच या भागाला जास्त उचलून धरते, त्यामुळे इथे थोडंसं जास्त झालं तरी माणूस आवाज कमी करायला धावतो. ‘स’ आणि ‘श’चा फुत्कार ५ ते ८ हजारांत. कोरडा, ओला, घोगरा, दबका, खणखणीत, भसाडा. आपल्या भाषेत आवाजाला इतके शब्द आहेत आणि आपण पोरांना ‘बॉक्सी’ पाठ करायला लावतो! इंग्रजी शब्द लागतातच, पुढे कामावर तेच चालतात. पण ते नंतर. आधी घरचा शब्द, मग आकडा, मग धंद्यातला शब्द.

दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्यातल्या गृहपाठाची. मी काहीही मिक्स करायला देत नाही. आपल्या खोलीत, घरातलं सगळं जसं चालू आहे तसं ठेवून, ३ मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करून आणायची. वर्गात ती मोठ्यानं लावायची आणि काय काय आहे ते लिहायचं. फ्रीज, लिफ्ट, कुकरची शिट्टी, खालच्या मजल्यावरचा टीव्ही हे सगळ्यांना मिळतं. पंखा मिळायला वेळ लागतो, कारण पंख्याच्या आवाजात आपण जन्मलो. आणि पंख्याच्या खाली एक बारीक गुणगुण असते ती तर एखाद्यालाच मिळते: विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, पण वाईट अर्थिंग आणि अडॅप्टरांमुळे कानाला बहुधा त्याची दुप्पट, १०० हर्ट्झ, जास्त बोचते. मी हार्मोनियम पुढे सरकवते आणि म्हणते, शोधा कुठली पट्टी. ती खालच्या सप्तकात पांढरी पाचच्या किंचित वर सापडते. एकदा ती अशी सुरात पकडली की आयुष्यभर सुटत नाही. मुलं मग लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात, बँकेत जाऊन मला मेसेज टाकतात, ‘मॅम, इथे पण पांढरी पाच.’ (पंख्याचे नवे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ही स्वतंत्र डोकेदुखी. पंखा मध्यम वेगावर ठेवला की गिटारच्या पिकअपमध्ये करवत चालते, पूर्ण वेगावर नेला की थांबते. हे शोधायला मला स्वतःला एक अख्खी दुपार लागली होती.)

आता तबला. हे जरा सविस्तर लिहिते, कारण पुस्तकातलं आणि खोलीतलं अंतर इथे सर्वांत नीट दाखवता येतं.

दोन माइक लावताना पाळायचा एक नियम सगळीकडे शिकवतात: माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये हवं. पोरं हे पाठ करून येतात. मग प्रत्यक्ष तबलावादक समोर बसतो. तबल्यापासून वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर माइक ठेवला तर दुसरा ६० सेंटिमीटर लांब हवा. पण डग्गा तर मांडीला मांडी लावून शेजारी बसलाय! नियम पाळायचा तर डग्गा पुढच्या खोलीत न्यावा लागेल. मुलं गोंधळतात, आणि गोंधळू द्यावं. त्यांनी आपापल्या परीनं दोन माइक लावले, दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर छान, एकत्र केले की तबल्याची किनार पातळ, कागदी. का?

इथे मी खिशातून शिंप्याची टेप काढते. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, ‘ना’ जवळच्या माइकला आधी पोचतो, डग्ग्याच्या माइकला थोडा उशिरा. अंतरातला फरक ३४ सेंटिमीटर असेल तर उशीर १ मिलिसेकंदाचा, आणि दोन्ही आवाज मिळवले की ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. कंगव्याच्या दातांसारखे. डग्ग्याच्या माइकमध्ये तबला जितका जास्त शिरतो तितके हे खड्डे खोल. मी मुलांना आकडे मोजायला लावते, पण त्याआधी एकाला माइकचा स्टँड धरून बोटभर बोटभर सरकवायला लावते आणि बाकीचे कंट्रोल रूममध्ये डोळे मिटून ऐकतात. ‘थांब’ कुठे म्हणायचं ते त्यांनी ठरवायचं. बहुतेक वेळा पाच-सहा जण एकाच जागी ‘थांब’ म्हणतात. तिथे जाऊन टेप लावायची. पोलॅरिटी आणि फेज यांतला फरक एरवी दोन तास बडबडून जो डोक्यात शिरत नाही तो इथे वीस मिनिटांत शिरतो: पोलॅरिटीचं बटण दाबलं की लाट उलटते, फेज बिघडवणारा उशीर तसाच राहतो.

आणि वादकाला हातोडी घेऊन सूर लावू द्या, घाई करू नका. त्या दहा मिनिटांत शाईबद्दल, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाबद्दल, सांगता येतं. कातड्याच्या साध्या ढोलाला नीट सूर नसतो. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, म्हणून तो षड्जाला लावता येतो. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं होतं. इंजिनियरिंग करून आलेल्या पोरांचे डोळे रामन यांच्या नावानं चमकतात आणि भजनी मंडळातून आलेली पोरं म्हणतात, हे तर आम्हाला माहीतच होतं. दोघंही बरोबर.

हे दोन प्रकार तुम्हाला प्रत्येक बॅचमध्ये भेटतील. पहिल्याला सॅम्पलिंगचं गणित पाठ असतं, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झमधला फरक, २४ बिट म्हणजे कागदावर १४४ डीबी, सगळं. पण तानपुरा उतरलाय हे त्याला ऐकू येत नाही. दुसऱ्याला तानपुरा उतरलेला दारातून कळतो आणि फाइल कुठे सेव्ह केली ते आठवत नाही. या दोघांना एका गटात टाका. भांडतील. नंतर कामाला लागल्यावर एकमेकांनाच फोन करतात, हे मी पाहिलंय.

पुण्यात शिकवायला जाताय म्हणून कानांबद्दल एक वेगळी सूचना. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने तुमची निम्मी मुलं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणार. सकाळी वर्गात येतील तेव्हा कानात शिट्टी वाजत असेल आणि तरी ती ‘ट्रेबल कमी वाटतोय’ म्हणून वरचे आवाज चढवत बसतील. सरावाला जाऊ नका असं सांगण्यात अर्थ नाही, आणि मी सांगतही नाही. ताशाची तर्री ऐकून माझेही पाय थिरकतात. पण पहिल्याच दिवशी हिशोब फळ्यावर मांडून ठेवते: ८५ डीबीला ८ तास, पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० डीबीला फक्त १५ मिनिटं. फोममधले इअरप्लग एका बरणीत वर्गाच्या दारात ठेवलेत. मिक्सिंगची परीक्षा मी भाद्रपदात घेत नाही, आणि वेळापत्रक बनवणाऱ्यांशी यावरून दर वर्षी वाद घालते.

गुण कसे द्यायचे हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी तोच छळेल. ‘मला आवडलं’ याला गुण देता येत नाहीत. मी काम देताना गिऱ्हाइकासारखी अट घालते: हे टीव्हीसाठी आहे, युरोपियन मापानं उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), हेच गाणं स्ट्रीमिंगसाठी, उणे १४ च्या आसपास. मीटरवर ते दिसतंच, वाद नाही. मग महिन्यानं त्यांचंच सेशन (सगळे ट्रॅक असलेली कामाची फाइल) दुसऱ्या विद्यार्थ्याला उघडायला देते. ट्रॅकची नावं ‘ऑडिओ १७’, ‘ऑडिओ १७ कॉपी’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ अशी असली की दुसरा विद्यार्थीच त्याची सालटी काढतो, मला बोलावं लागत नाही. उरलेले गुण तोंडी परीक्षेचे. प्रत्येक निर्णयाला ‘का’ विचारायचं. आवाज आपोआप साफ करणारी, गाण्यातून वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअरं मी वापरू देते. हल्ली कामावरही तीच लागतात. पण ‘त्यानं काय काढलं आणि सोबत काय गेलं’ हे ऐकून सांगता यायला हवं. ‘स’ची धार गेली का, शब्दाच्या शेवटचा श्वास गेला का.

आता नोकरीचं. तुम्हाला बहुधा तासिका तत्त्वावर बोलावतील. म्हणजे जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य, त्यात तपासणीचे, तयारीचे, केबल सोल्डर करण्याचे तास कुणी मोजत नाही. ते आधी विचारून घ्या. विद्यापीठाच्या चौकटीत कायम नोकरी हवी तर पदव्युत्तर पदवी आणि नेट या पात्रता परीक्षेचा प्रश्न येतो. पदवीशिवायच्या कारागिरांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट उघडली, पण त्याला त्या व्यवसायातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे तुमची आणखी पाच वर्षं. मुदतही मर्यादित असते, कायमची नाही. त्यामुळे स्टुडिओ सोडू नका. मी अजून महिन्यातून एक तरी काम स्वतः करते. पैशासाठी, आणि वर्गात खोटं बोलावं लागू नये म्हणून.

पगाराआधी एक हिशोब मात्र नक्की करा. बॅचमध्ये ४० मुलं, स्टुडिओ एक, रोज ६ तास, आठवड्यात ५ दिवस. झाले ३० तास. भागिले ४०: प्रत्येकाला आठवड्याला पाऊण तास. पाऊण तासात माइक लावून होत नाहीत. संस्थेच्या माहितीपत्रकात कन्सोलचा फोटो कितीही देखणा असो, मुलाच्या हाताला तो किती वेळ लागतो ते विचारा. मी पाच-पाचांचे गट करते आणि बाकीच्यांना स्वस्त इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि हेडफोनवर बसवते. सॉफ्टवेअर म्हणून रीपर देते. ६० दिवस मोफत वापरता येतं आणि पुढचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, महागड्या प्लगिनांच्या चोरट्या प्रती लपवाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात कंडेन्सर माइक डब्यात सिलिका जेलसह ठेवण्याची जबाबदारी गटांकडे वाटून द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये माइकमधून पापड तळल्याचा आवाज येईल आणि दुरुस्तीची फाइल दिवाळीपर्यंत फिरत राहील.

पालक भेटतील. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर उभी आहे, तिथे शिकलेल्या ध्वनितज्ज्ञ रसूल पूकुट्टींना २००९ मध्ये ऑस्कर मिळालं, हे बऱ्याच मुलांनी घरी सांगितलेलं असतं. मागे जालन्याहून एका मुलीचे वडील आले होते. शेतकरी माणूस, फीची पावती घडी करून खिशात. त्यांनी ऑस्करचं काही विचारलं नाही. म्हणाले, ‘ताई, हे शिकून ती नेमकं करणार काय? गावात कुणी विचारलं तर मी काय सांगू?’ मी त्यांना स्टुडिओत नेलं आणि तिनंच केलेलं एका कथेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, आधी कच्चं, मग तिच्या हातून गेलेलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, ‘म्हणजे निवडणं-पाखडणं.’ मी या कामाची इतकी चांगली व्याख्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पुढे मी त्यांना खरं तेच सांगितलं: पहिली दोन वर्षं मदतनीस म्हणून जातील, वेळेला धरबंध नाही, पैसे कमी, काम मिळेल ते डबिंगचं, मालिकांचं, ऑडिओबुकचं, पॉडकास्टचं, नाहीतर कार्यक्रमांच्या लाइव्ह साउंडचं, सिनेमाच्या गाण्यापर्यंत फार थोडे पोचतात. ती मुलगी आज ऑडिओबुक करते आणि माझ्यापेक्षा बरं करते.

राहता राहिलं डेमो लेक्चर. स्लाइड बनवू नका. लॅपटॉप न्या, पण मिटलेला राहू द्या. एक माइक, एक स्पीकर, एक लांब केबल, शिंप्याची टेप. मुलाखत घेणाऱ्यांपैकीच कुणाला तरी एक वाक्य बोलायला लावा: तोंडासमोर, मग हातभर लांबून, मग भिंतीकडे तोंड करून. काय बदललं ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला लावा आणि त्यांचे शब्द फळ्यावर लिहा. कुणीच बोललं नाही तर घड्याळात बघू नका, कुणीतरी बोलतंच. निघताना दोनच गोष्टी विचारा: मुलामागे स्टुडिओचे तास किती, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर स्टुडिओची चावी कुणाकडे असते. दुसऱ्याचं उत्तर ‘शिपाई कुलूप लावून जातो’ असं आलं, तर चावीचं लेखी घेतल्याशिवाय होकार कळवू नका.